आसगावची सिंगल बेल

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुम्ही लहान मुलांसोबत काम करता. दोन-चार हृदयस्पर्शी अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, हृदयाला स्पर्श करणं माझ्या कामात बसत नाही. मी मान, खांदे, कोपर, कंबर, घोटा आणि गरज पडली तर हातमोजा घालून जीभ, एवढ्यांनाच हात लावते. ते हसून म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून लिहिते आहे. ज्यांना डोळे पुसत वाचायला आवडतं त्यांनी पान उलटून पुढची कथा वाचावी. दिवाळी अंकात तशी एखादी असतेच.

मी भंडाऱ्यात लहान मुलांची थेरपिस्ट आहे. माझ्या पदवीला शुद्ध मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. सुरुवातीला मी केंद्राच्या पाटीवर मोठ्या हौसेनं तोच शब्द रंगवून घेतला होता. तो वाचून पितळी भांड्यांचे एक दुकानदार आत आले, खुर्चीवर बसले आणि स्टीलनं त्यांचा धंदा कसा खाल्ला हे सांगू लागले. मी ऐकत राहिले. वाटलं, हळूहळू नातवावर येतील. नातू नव्हताच. त्यांना व्यवसायावर उपचार हवा होता. मग मी पाटी बदलून 'लहान मुलांची थेरपी' असं लिहिलं. आता लोकांना वाटतं, मी लाल दिवा लावून गुडघे शेकते.

मी काय करते ते एकदा साध्या शब्दांत सांगते. काही मुलं बसायला, धरायला, चालायला, चावायला किंवा बोलायला शिकत नाहीत, किंवा उशिरा शिकतात. काहींना ओला भात हाताला लागला तरी विंचू चावल्यासारखं होतं. काहींना कुकरची शिटी सहन होत नाही. अशा मुलांना रोजचं जगणं जमावं म्हणून जे काही करावं लागतं, ते माझं काम. पाहणाऱ्याला ते खेळल्यासारखं दिसतं. एक आजोबा तासभर पाहून मला म्हणाले होते, "म्हणजे तुमी पोराईसंग खेळता अन् पैसे घेता." मी म्हटलं, होय. त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

पालक येतात ते बहुतेक एकाच तक्रारीनं: बोलत नाही. चार वर्षांचं मूल धड बसू शकत नसतं, मान एका बाजूला, लाळ गळते, पण तक्रार काय, तर बोलत नाही. बोलणं जिभेच्या टोकावर ठेवलेलं असतं आणि मी चिमट्यानं बाहेर काढणार, अशी समजूत. मी सांगते की आधी मान स्थिर लागते, मग पाठ, मग श्वास पुरतो, मग आवाज टिकतो. ते मान डोलावतात आणि विचारतात, "जिभेची शीर कापली तर?" प्रत्येक घरात एक काका असतो जो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही आणि आता बँकेत आहे. या काकांमुळे जिल्ह्यातल्या किती मुलांची दोन-दोन वर्षं वाया गेली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पायाला लावायच्या पट्ट्यांचंही असंच. टाच टेकावी म्हणून प्लास्टिकचे साचे बनवून देतो आम्ही, रोज घालायचे असतात. घरोघरी ते नवे कोरे असतात, कारण लग्नाला जाताना आणि माझ्याकडे येताना तेवढे घालतात. एका आईनं सांगितलं, "घरी घातले तर खराब होतात ना."

आणि तुमसरचे एक राइस मिलवाले. त्यांच्या नातवाला हाताला काहीही लागलेलं चालत नव्हतं. गवतावर ठेवला तर दोन्ही पाय वर. मी सांगितलं, रोज थोडा वेळ धान्यात हात घालू द्या, हळूहळू सवय होते. पुढच्या वेळी त्यांनी परदेशातून मागवलेली एक पेटी आणली. आत रंगीत प्लास्टिकचे तांदूळ होते. मिलच्या अंगणात धानाचा ढीग माझ्या केंद्राच्या छपराला टेकेल एवढा. मी म्हटलं, "शेठजी, त्या ढिगात बसवा की त्याला." ते म्हणाले, "मॅडम, धूल लगती है." मी म्हटलं, लागू द्या, तोच इलाज आहे. त्यांना पटलं नाही. फुकटचा इलाज कोणाला पटत नाही. शेवटी मुनीमजींनी शेठ नागपूरला गेलेले पाहून पोराला ढिगात बसवलं. आता तो गुडघाभर धानात बसून ट्रॅक्टर चालवतो आणि शेठजी सगळ्यांना सांगतात की पेटीचा फार गुण आला.

हे सगळं नमुन्यादाखल. लिहायचं आहे ते आसगावच्या मैत्री नावाच्या मुलीविषयी, कारण तिथं माझं पुस्तकी ज्ञान एका पेल्याशी येऊन थांबलं.

मैत्री तेव्हा पाच वर्षांची होती. जन्मताना रडायला उशीर झाला. तेवढ्या वेळात मेंदूचा हातपाय आणि जीभ हलवणारा भाग दुखावला. समजण्याचा भाग शाबूत राहिला. तिला सगळं कळायचं. बोलायला गेली की घशातून एकच लांबट आवाज यायचा, तहानेला तोच आणि हसण्यालाही तोच. तिची आई वैशाली डोळ्यांवरून ओळखायची. घरातल्या बाकी कोणाला ओळखायची गरजच पडली नव्हती, कारण वैशाली होती.

एक दिवस वैशाली केंद्रात आली, मैत्री कडेवर, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "म्याडम, महिन्याभरात पोरगी बोलती करून द्या."

तिचं नर्सिंग झालेलं होतं. किती वर्षं यादीत नाव होतं, आणि आता नेमणूक आली होती, गोंदिया जिल्ह्यात, देवरीच्या पुढं एका उपकेंद्रावर. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. तिथं खोली करायची, शनिवारी घरी यायचं. मैत्रीला सोबत नेलं तर ड्यूटीवर सांभाळणार कोण, आणि घरी ठेवलं तर तिला काय हवं ते ओळखणार कोण, असा पेच होता. मुदतीत रुजू झाली नाही तर नेमणूक गेली.

"महिन्याभरात बोलणार नाही," मी म्हटलं.

"थोडीसक तरी?"

"थोडीही नाही. कधी बोलेल, बोलेल की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण काय पाहिजे ते सांगायला शिकू शकते."

"बोलल्याबिगर कशी सांगन?"

"तू नवऱ्यावर रागावते तेव्हा कशी सांगते?"

तिनं जरा विचार केला. "मी भांडे आपटतो."

"मग हिलाही आपटायला काहीतरी देऊ."

ती हसली. म्हणाली, "म्याडम, नाई गेली तर मले कोणी काही म्हणणार नाई. गेली तर साऱ्या गावाले तोंड फुटन. लेकराले टाकून गेली म्हणतीन." मग पोरीची लाळ पुसत म्हणाली, "पण मले जायचं हाय."

पवनीकडच्या मुलांसाठी मी गुरुवारी तिकडं जात असे. त्या गुरुवारी आसगावला गेले. घरात वैशाली, तिचा नवरा प्रशांत, सासू आणि सासरे. प्रशांत धानाची शेती पाहतो आणि घरात वाद सुरू झाला की बांधीतलं पाणी पाहायला निघून जातो. मी पाहिलं तेवढ्यात त्याच्या बांधीतल्या पाण्याची देखरेख उत्तम होती. सासरे, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशाला पेन. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली आबाजींची खुर्ची.

पहिलं काम बसवण्याचं. पाच वर्षांत मैत्रीचे पाय जमिनीला लागले नव्हते, आणि हे घरात अभिमानानं सांगत. गावातल्या सुताराकडून मी खुर्ची करून घेतली, तळव्यांखाली फळी, पुढं ताट ठेवायला पाट, कमरेला पट्टा. पट्टा पाहून मैत्रीच्या आजी म्हणाल्या, "लेकराले बांधून ठेवता काय, बाई?" मी म्हटलं, मोटारीत साहेब लोक स्वतःला बांधून घेतात, त्यांना विचारा. पट्टा लावला. कंबर धरली गेली तशी मैत्रीची मान सरळ झाली आणि उजवा हात मोकळा झाला. ती घराकडं असं पाहू लागली की जणू आजवर तिला कोणी तिरप्या घरात ठेवलं होतं.

मग चित्रांची पाटी. पाणी, जेवण, संडास, दुखतं, टीव्ही. लोक म्हणतात, चित्राला हात लावायची सवय लागली तर मूल बोलणारच नाही. खरं उलट असतं, पण ते समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, इथं उरलेलं घालवत नाही. पाटीचा मुख्य नियम असा. वस्तू समोर ठेवायची आणि थांबायचं. मुलाला हवं ते त्यानं सांगण्याआधीच तोंडात पडत असेल, तर ते कशाला सांगेल?

वैशालीला मी मागच्या अंगणात पाठवलं. पाण्याचा पेला मैत्रीला दिसेल पण पोचणार नाही असा ठेवला आणि थांबले. दुपार होती, तिला तहान लागलेली होती. तिनं पेल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दारात आई शोधली. आवाज केला. मी थांबले. आजींनी पदर तोंडाला लावला. हात हलला, पाटीपर्यंत गेला नाही. मी थांबले.

आबाजी उठले. पेला उचलला, मैत्रीची हनुवटी धरून तिला पाणी पाजलं, सगळं पाजलं, पेला पालथा घातला. मग माझ्याकडं वळले. आवाज चढला नव्हता.

"बाई, या घरात पाण्यासाठी कोणी वाट पाहात नाई."

मी म्हटलं, "आबाजी, ही शिकवण्याची पद्धत आहे."

"असन. माही माय पाण्याचा गुंड घेऊन विहिरीपाशी उभी राहे. शिवायची मनाई होती. कोणी येईन, वरतून वतून देईन, तवा पाणी. कोणी नाई आलं का उनात उभी. ते आमी छप्पनमधी सोडलं. आता तुमी माह्या नातीले शिकवून राहिले का, पाणी समोर हाय, माग अन् थांब."

शिकवताना आम्हाला सांगतात की घरच्यांच्या हरकतींना उत्तरं तयार ठेवा. माझ्याकडं शीर कापण्याला उत्तर होतं, बँकेतल्या काकांना होतं. या हरकतीला नव्हतं. आजींनी चहा केला होता तो प्यायले आणि पवनीची गाडी धरली.

आठवडाभर मी दुसऱ्या मुलांचे खांदे सैल करत तोच विचार केला. पेला लपवून ठेवावा? पाण्याचं चित्रच काढून टाकावं? मग तहान लागल्यावर मैत्री काय करणार? वैशाली गेल्यावर आबाजी दर पाच मिनिटांनी पाणी पाजत बसणार, आणि पोरीला हवं असणार काहीतरी वेगळंच. प्रेमानं तुडुंब भरलेल्या घरात माणूस असा एकटा पडतो. माझ्या धंद्यात हे रोज दिसतं.

पुढच्या गुरुवारी मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"आबाजी, तुम्हाला गाडी थांबवायची असली की ड्रायव्हरला विनंती करत होते काय?"

"विनंती कायची? सिंगल बेल मारली का थांबलाच पायजे."

"त्याच्या मनात नसलं तर?"

"त्याच्या मनाले कोण विचारते? गाडी कंडक्टरच्या बेलवर चालते. डबल मारली का चाल, सिंगल मारली का थांब."

"म्हणजे मागणं नाही ते."

"मागणं?" त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "हुकूम हाय तो."

"मग मैत्री कंडक्टर. तुम्ही ड्रायव्हर."

आजी आतून हसल्याचा आवाज आला. आबाजी म्हणाले, "मले ड्रायव्हर करता. माहं साऱ्या नोकरीत ड्रायव्हर लोकाईसंग कधी जमलं नाई."

"आता जमवा."

मला वाटलं, मी जिंकले. पुढच्या फेरीत मी भंडाऱ्याच्या बाजारातून एक छोटी पितळी घंटा नेली, मूठ छान, मैत्रीच्या हाताला बसणारी. आबाजींनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. "हे आरतीची हाय, बाई. हे तुमच्याकडेच राहू द्या." घंटा आता माझ्या केंद्रात आहे. पुढच्या मुलाला आत बोलवायला वाजवते.

त्यांनी स्वतःच सोय केली. पवनीतल्या भंगारवाल्याकडून जुन्या बसची बेल शोधून आणली, दाराच्या चौकटीवर ठोकली, तिथून छताखालून दोरी ओढत मैत्रीच्या खुर्चीवर आणली आणि टोकाला लाकडी कडं बांधलं. मी ते पाहिलं आणि थोडा वेळ माझी मतं माझ्यापाशीच ठेवली. बोटानं चित्र दाखवणं तिच्या कडक हाताला अवघड होतं. मनगट कड्यात अडकवून हात खाली ओढणं सोपं. शिवाय खांद्याला रोजचा व्यायाम. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण पदवीच्या अभ्यासक्रमात एसटी नव्हती.

पद्धत अशी ठरली की मोठ्यांनी पाटीवरची चित्रं एकेक करून पुकारायची, थांबे पुकारल्यासारखी. जिथं उतरायचं असेल तिथं मैत्रीनं सिंगल बेल मारायची. आपण चुकीचं काही करत असलो तरी सिंगल, म्हणजे थांबा. बरोबर असेल तर डबल, म्हणजे चालू द्या. आबाजींचा पुकारा ऐकण्यासारखा होता. "चला, पाणी... पाणी हाय कोणी? जेवण... जेवणवाले... टीव्ही..." शेजारची पोरं दारात जमायची. एक नवीन गोष्ट झाली. तहान लागली की मैत्री लांबट आवाज करेनाशी झाली, कड्याकडं पाहू लागली. मुलाला वाट पाहायला लावून जे व्हायचं होतं ते हुकूम द्यायला लावून झालं. पुस्तकात दोन्हींना एकच नाव आहे. आसगावात नाही.

लफडं झालं ते थांब्यांच्या क्रमावरून. आबाजींनी चित्रं मानानं लावली होती. सगळ्यात आधी बुद्धवंदना, हे चित्र त्यांनी स्वतः वाढवलेलं. मग पाणी, मग जेवण, मग अभ्यास, हेही त्यांचंच, मग टीव्ही, मग दुखतं, आणि संडास एकदम शेवटी. कंडक्टर माणूस, मधला थांबा गाळणं रक्तात नाही. प्रत्येक वेळी पहिल्यापासून पूर्ण मार्ग. संडास येईपर्यंत पोरीचा फ्रॉक ओला. आजी दिवसभर कपडे धुऊन थकल्या.

"आबाजी, संडास पहिला घ्या."

"पहिला? वंदनेच्या आधी?"

"हो."

"पावणे बसले असले अन् मी पहिलाच पुकारा संडासचा करू?"

"नाहीतर तो पाहुण्यांच्या देखत होतो, पुकारा न करता."

त्यांनी दोन दिवस विचार केला, असं वैशालीनं सांगितलं. मग संडासाला त्यांनी 'विनंती थांबा' केलं. म्हणजे मैत्रीनं थांबे पुकारायच्या आधीच लागोपाठ बेल वाजवली तर थेट तिकडं न्यायचं. मार्गाची प्रतिष्ठा राहिली, फ्रॉक कोरडे राहिले. मी हरकत घेतली नाही.

खरी अडचण वैशाली होती. तिला बेलचं सगळं पटलं होतं, पण मैत्रीनं नुसता श्वास वेगळा घेतला तरी ती चुलीपासून धावत येऊन जे हवं ते देऊन टाकायची. आणि मैत्रीला आईच्या बांगड्या ऐकू आल्या की कडं दिसेनासं व्हायचं. हात कशाला ओढायचा, आई आलीच आहे. मी वैशालीला रागावले. "तू रुजू व्हायच्या आधीच तिला शिकायचं आहे. तू घरात असलीस तर ती शिकणार नाही."

"मंग मी आतापासूनच जाऊ काय?"

"माहेरी जा चार दिवस."

ती अड्याळला माहेरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. म्हणाली, काही राहिलं होतं. काय राहिलं होतं ते मी विचारलं नाही.

आणि मग तिची रुजू व्हायची तारीख आली, ती गेली. बेलची सवय अजून पुरती बसलेली नव्हती. अड्याळची ती एक रात्र सोडली तर मैत्री आईशिवाय कधी राहिलेली नव्हती. मी वैशालीला खरं ते सांगितलं होतं, की होईलच असं नाही. ती म्हणाली, "नाई झालं तर येतो वापस. राजीनामा लिवायले टाइम लागत नाई." आबाजींनी तिची बॅग फाट्यापर्यंत नेली, स्वतः गाडीत चढवून दिली. कंडक्टरला सीट नंबर सांगून आले म्हणे.

त्यानंतरच्या गुरुवारी मी गेले, तेव्हा मधल्या दिवसांत जे घडलं ते आबाजींनी मला सांगितलं. आजी मधेमधे दुरुस्त करत होत्या. प्रशांत घरातच होता, म्हणजे वाद नव्हता.

वैशाली गेली त्या दिवशी मैत्रीनं बेल मारलीच नाही. आबाजींनी सगळे थांबे पुकारले. पाण्यावर काही नाही, जेवणावर नाही, टीव्हीवर नाही. आजींनी खिचडीचा घास लावला तर दात घट्ट. पाणी पाजलं तर तोंडातून गळून गेलं. दुपारी पुन्हा सगळा मार्ग पुकारला. नाही. गावातली एक बाई दारात येऊन "मायबिगर लेकरू असंच" असं सांगून गेली. संध्याकाळी ओठ सुकले तेव्हा आजी म्हणाल्या, "लावा फोन वैशालीले. येऊ द्या वापस. नोकरी काय, येते अन् जाते." आबाजींनी फोन हातात घेतला होता.

"मंग माह्या ध्यानात आलं," आबाजी मला म्हणाले, "का, पोरीले जिथं उतरायचं हाय तो थांबाच मी पुकारून नाई राहिलो."

त्यांनी फोन खाली ठेवला. खुर्चीसमोर बसले. पाटी बाजूला ठेवली, कारण पाटीवर ते चित्र नव्हतं. मी ते लावलं नव्हतं. जे देता येत नाही ते पाटीवर ठेवू नये, असा नियम आहे. पुकारा नेहमीच्याच आवाजात केला, म्हणे.

"आई... आई हाय कोणी?"

सिंगल बेल.

"मंग म्या तिले सांगतलं. आई नोकरीवर हाय. आज नाई येत, उद्या नाई येत. शनिवारी येते. म्या खोटं नाई सांगतलं, बाई. आलीच, आत्ता येते, असं काही नाई." त्यांनी खिशाचं पेन सरळ केलं. "अन् विचारलं, चालू द्यायची काय गाडी?"

तिनं कड्याकडं पाहिलं. मग डबल.

मग पाणी प्यायली. पेला भरून प्यायली, असं आजींनी दुरुस्त केलं, दोन पेले.

आबाजींनी त्यानंतर वैशालीला फोन केला. तिनं पहिलं विचारलं, "रडली काय?"

"नाई," आबाजी म्हणाले. "तक्रार केली."

"कोनाची?"

"तुही. दुसऱ्या कोनाची करन?"

ती म्हणाली, बाहेर पेशंट आहे, ठेवते. तिच्याकडं खरोखरच पेशंट होता की नाही हे मला माहीत नाही. ती नोकरी सोडून परत आली नाही. राजीनामाही लिहिला नाही.

हृदयस्पर्शी असं काही घडलं असेल तर ते शनिवारी घडलं, आणि मी तिथं नव्हते. वैशाली संध्याकाळच्या गाडीनं आली, चप्पल काढता काढता मैत्रीकडं धावली. आबाजींनी तिला उंबऱ्यावरच थांबवलं. "आधी पुकारा होऊ दे. कंडक्टरले विचारल्याबिगर कोणी चढत नाई." आजी चिडल्या, म्हणाल्या, लेकरू तरसून राहिलं अन् तुमचं काय चाललं? पण माणूस ऐकेना. त्यांनी वंदनेपासून पूर्ण मार्ग पुकारला. मैत्री आईकडं पाहात होती, हात कड्यात होता, आणि पाणी, जेवण, अभ्यास, टीव्ही सगळे थांबे तिनं गप्प राहून जाऊ दिले. शेवटचा, आईचा थांबा आला तेव्हा तिनं असा झटका दिला की दोरी छताच्या खिळ्यासकट खाली आली.

आता तिथं नायलॉनची जाड दोरी आहे. मैत्री अजून बोलत नाही. बोलेल की नाही हे मला अजून सांगता येत नाही, आणि संपादकांसाठीही मी ते बदलणार नाही. त्या शनिवारनंतरच्या गुरुवारी मी तिचा खांदा तपासला, कोपर तपासलं आणि तिच्या कागदावर लिहिलं: उजव्या हाताची ओढण्याची ताकद लक्षणीय वाढली आहे. कारणाच्या रकान्यात व्यायाम लिहिलं. दुसरा शब्द तिथं मावत नव्हता.